चार पैशांत भिंतीची शोभा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बजावले की, भिंतीला चिकटवायच्या त्या चित्रांबद्दल तुम्ही बोला, पण नुसते छान छान म्हणून बसू नका, कसे करायचे ते सांगा. मी सातवीपर्यंत शिकलेली. घर, गोठा आणि धानाची बांदी एवढाच माझा व्याप. परंतु गेल्या तीन वर्षांत आपल्या दिघोरीतल्या बारा-पंधरा घरांच्या भिंतींना माझा हात लागला आहे, तेव्हा त्या एका विषयावर बोलायला हरकत नाही असे समजून उभी राहिले आहे.

आधी ही वस्तू काय ते सांगते, कारण काही जणींना तो साधा कागद वाटतो. बाजारात त्याला स्टिकर म्हणतात. मऊ प्लास्टिकचा तो पातळ पापुद्रा असतो. त्या प्लास्टिकला व्हिनाइल किंवा पीव्हीसी म्हणतात. नळाचे कडक पाइप ज्याचे होतात त्याच जातीचे हे प्लास्टिक, फक्त त्यात मऊपणा आणणारे द्रव्य मिसळलेले असते. ते मऊ करण्याची रीत १९२६ साली वाल्डो सेमन नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला सापडली. गंमत अशी की, तो बिचारा रबर धातूला चिकटविण्यासाठी चिकटा शोधीत होता! तर या पापुद्र्याच्या पाठीला डिंक लावलेला असतो आणि डिंकावर गुळगुळीत कागद. कागद सोलावा आणि चित्र भिंतीला लावावे. डिंक दोन जातींचा येतो. एक कायमचा धरणारा, दुसरा हलका, म्हणजे पुढे काढता येईल असा. आपल्याला घरात हलकाच हवा. पाकिटावर ‘रिमूव्हेबल’ असे छापलेले असते. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराला न विचारता आपल्या पोरीला विचारावे. दुकानदार सगळ्यालाच हो म्हणतो.

आता कोणी म्हणेल, हे शहरचे फॅड, आपल्याला कशाला? मला तसे वाटत नाही. लावायचे आणि काढायचे चित्र आपल्याला नवे नाही. जिवतीच्या अमावस्येला आपण दर वर्षी जिवतीचा छापील कागद भिंतीला किंवा दाराशी लावतो, श्रावणात तिची पूजा करतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा नवा कागद आणतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे अशा छापखान्यांमुळेच गरिबाच्या भिंतीवर आली. त्याआधी मोठे चित्र म्हणजे राजवाड्याची गोष्ट. नंतर कॅलेंडरे आली. वर्ष संपले तरी चित्र चांगले म्हणून आपण ते खिळ्यावर तसेच ठेवतो, हो की नाही? आणि आपल्या झाडीपट्टीला तर पडद्याची हौस काय सांगावी! वडशाची नाटक कंपनी मंडईच्या रात्री महाल उभा करते, सकाळी तो महाल गुंडाळून गाडीत घालते. रात्रभर आपण त्या महालात बसून रडलेलो असतो.

खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यावर मला जरा जास्त बोलायचे आहे. आपल्या सासवांच्या वेळी भिंत मातीची होती. दिवाळीच्या आधी पांढरी माती कालवायची, पोताऱ्याने भिंत पोतारायची, सपरीत आणि चुलीपाशी शेणामातीने सारवायचे, खाली गेरूचा पट्टा ओढायचा. यात पैसा जवळजवळ लागत नव्हता. लागत होते ते अंग. मला त्या भिंतींचे उमाळे येत नाहीत. चार-चार दिवस हात वर करून पोतारताना खांदे कसे भरून येतात ते इथे बसलेल्या पुष्कळ जणींना माहीत आहे, आणि पावसात त्याच भिंतीचा कोपरा खचला की सगळे पुन्हा करावे लागे. परंतु एक होते. ती भिंत बाईच्या हातात होती. तिला कशी शोभा द्यावी हे ती कोणाला विचारीत नव्हती.

मग घरकुले आली. प्रधानमंत्री आवास योजना खेड्यांसाठी २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट मुलखातल्या घराला १,२०,००० रुपये आणि निदान २५ चौरस मीटर जागा असे ठरले. घर पक्के झाले, सापा-विंचवाची भीती कमी झाली, ही मोठीच गोष्ट. परंतु आपल्याकडे पुष्कळांचा पैसा गिलाव्यापाशी संपतो. कोणाच्या घरी आतून गिलावा आहे, बाहेरून विटा दिसतात. कोणाच्या घरी गिलावा आहे पण रंग नाही. सिमेंटच्या भिंतीवर पांढरी माती धरत नाही, पोपडे होऊन गळते. अशी ती भिंत बाईच्या हातातून सुटली आणि रंगाऱ्याच्या हातात गेली, म्हणजेच रंगाऱ्याला पैसे देणाऱ्याच्या हातात गेली. घरात राहणार आपण, दिवसभर त्या राखाडी भिंतीकडे पाहणार आपण, आणि तिच्याबद्दल शब्द मात्र आपला नाही.

यातूनच कर्ज येते. मुलीला पाहायला पाहुणे येणार, मुलाची सोयरीक ठरणार, की घरात पहिला शब्द निघतो, “घर रंगवून घेऊ.” पैसे कुठून? तर आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज देणाऱ्यांकडून, तेही बाईच्याच नावावर. भिंत दोन पावसाळ्यांत डागळते आणि हप्ता मात्र चालूच असतो. आपल्या बचत गटाच्या बैठकीत हे किती वेळा निघाले आहे ते तुम्ही जाणता. नावे घेण्याचे कारण नाही.

आमच्या आळीत मागच्या वर्षी असेच झाले. पोळा झाला आणि कळले की दिवाळीनंतर त्यांच्या मुलीला पाहायला मंडळी येणार. यजमान म्हणाले, रंगाऱ्याने दोन खोल्यांचे अठरा हजार सांगितले आहेत, तुझ्या नावावर उचलून टाकू. बाईने मला गाठले. म्हणाली, “ताई, माझ्यावर आधीच एक हप्ता आहे.” मी म्हटले, पाहुणे तुमच्या चार भिंती फिरून पाहणार नाहीत. ते बैठकीत जिथे बसतील तिथून समोरची एक भिंत दिसेल. तीच धरू. आम्ही तिघीजणींनी ती भिंत खरवडली, पुट्टीचा हात दिला, पॉलिश कागदाने घासली, प्राइमर आणि वर साधा पांढरा रंग दिला. मग मुद्दाम महिनाभर तिला हात लावला नाही. नवा रंग वरून कोरडा दिसला तरी आतून वाळायला तीन-चार आठवडे घेतो. त्याआधी चित्र लावले तर खाली फुगे येतात आणि काढताना रंग सोलून निघतो. दसऱ्यानंतर फांदीवर चिमण्या बसलेल्या आहेत असे एक स्टिकर लावले. पुट्टी, रंग, ब्रश, चित्र सगळे धरून ११६० रुपये झाले. बाकीच्या तीन भिंतींना आधीच्यासारखा चुना. पाहुण्यांनी त्या चिमण्यांकडे पाहिले की नाही कोणास ठाऊक, पण चहाची बशी पुढे करताना त्या बाईच्या डोक्यावर नवा हप्ता नव्हता.

आता कोणत्या भिंतीवर हे चालते आणि कोणत्या नाही ते सांगते. इथेच लोकांचे पैसे वाया जातात. तळहात भिंतीवरून फिरवून पाहावा. हाताला पांढरे लागले, म्हणजे चुना किंवा स्वस्तातले डिस्टेंपर उठत असेल, तर त्या भिंतीवर स्टिकर लावू नये. डिंक भिंतीला न धरता त्या भुकटीला धरतो आणि आठ दिवसांत चित्र मान टाकते. खरखरीत गिलाव्यावरही नको. गुळगुळीत रंगाची भिंत, ऑइल पेंटचे दार, फरशी, काच, कपाटाचा पत्रा, यांवर छान धरते. मातीच्या भिंतीवर तर मुळीच लावू नये. तिथे ते धरणारही नाही, आणि बळेच बसवले तर आतील ओल बाहेर पडायची वाट बंद होईल. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, आणि ती उन्हाळ्यात गार लागते. ज्यांच्या घरी अजून मातीची भिंत आहे त्यांनी हातानेच काढावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. पालघरकडच्या वारली बाया लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढीत आल्या आहेत. तीच चित्रे पुढे कागदावर काढून जिव्या सोमा मशे यांनी जगभर नाव केले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्याच नक्षीची स्टिकरे दुकानात मिळतात. आपल्याकडे पीठही आहे आणि हातही आहेत.

दुसरी परीक्षा ओलीची. आपल्याकडे बांद्यांत पाणी, घराभोवती पाणी, पावसाळाभर जमीन भिजलेली. भिंतीच्या बुडाशी लोणा फुटतो, रंग फुगतो, पांढरी पूड निघते. त्या जागेवर चित्र लावून ती झाकावी असा मोह होतो. झाकू नका. ओल थांबत नाही, ती प्लास्टिकच्या मागून वर चढते, काळी बुरशी धरते, आणि लेकरांना खोकला लागतो तेव्हा कारण कळत नाही. शंका असेल तर प्लास्टिकच्या पिशवीचा वीतभर तुकडा घेऊन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि एक दिवस-रात्र ठेवावा. काढताना तुकड्याच्या आतल्या बाजूला दव दिसले तर ओल भिंतीतली आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती हवेतली. भिंतीत ओल असेल तर आधी पाहा की छपराचे पाणी भिंतीच्या पायाशी पडते का, मोरीची नाली फुटली आहे का, भिंतीला लागून मातीचा ढीग आहे का. एका घरी नुसता बाहेरचा ढीग हलविला आणि पन्हळ दोन हात पुढे काढली, तर पुढच्या पावसाळ्यात भिंत पुष्कळ सुकी राहिली. त्यावर खर्च काही नाही, यजमानांचा एक रविवार गेला.

म्हणून माझे असे मत झाले आहे की गेरूच्या पट्ट्याची हौस असेल तर तो आता बुडाशी न देता कंबरेच्या उंचीवर द्यावा. बुडाशी ओल, वर कोरडे. शिवाय लेकरांचे तेलकट हात आणि बाजेच्या पाठीचे घासणे तिथेच लागते, ते ओल्या फडक्याने पुसले जाईल. हिशेब पाहा. गुंडाळीतला चिकट कागद पुष्कळदा ४५ सेंटीमीटर रुंद आणि १० मीटर लांब येतो. १० मीटर म्हणजे साधारण ३३ फूट. दहा फुटी खोलीच्या तीन भिंतींना एका गुंडाळीत पट्टा होतो आणि तीन फूट उरतो. तोच कागद संपूर्ण भिंतीला लावायचा म्हटले तर दहा बाय नऊच्या एका भिंतीलाच दोन गुंडाळ्या लागतात, चार भिंतींना दारे-खिडक्या सोडून सहा-सात. मग रंगापेक्षा स्वस्त काय राहिले? खोलीभर लावलेले मला दिसायलाही आवडत नाही. लग्नाच्या मंडपात झोपल्यासारखे वाटते.

विकत घेताना चित्रावर भुलू नये, मापे वाचावीत. मोबाईलवरून मागविलेले एक झाड आमच्या ओळखीत आले, ते जाहिरातीत पलंगाच्या डोक्यावरून छतापर्यंत गेलेले होते, आणि हातात आले ते पोळपाटाएवढे. आधी जुन्या वर्तमानपत्राचा तेवढाच तुकडा कापून भिंतीला लावून पाहावा. दोन दिवस तो डोळ्यांसमोर ठेवला की कळते, मोठे हवे की लहान, वर हवे की खाली.

लावण्याची रीत अशी. भिंत ओल्या फडक्याने पुसून पूर्ण सुकू द्यावी. स्वयंपाकघरातली असेल तर साबणाने तेलकटपणा काढावा. दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस उत्तम, रोवणीच्या दिवसांत हे काम काढूच नये. पट्टा सरळ यावा म्हणून गवंड्याच्या ओळंब्यासारखा दोऱ्याला दगड बांधून उभी रेघ घ्यावी आणि तिच्याशी काटकोन धरावा. छताकडे पाहून माप घेऊ नये, आपली छते कुठे सरळ असतात! मागचा कागद एकदम सोलू नये. वीतभर सोलावा, तेवढे चिकटवावे, जुन्या एटीएम कार्डाला मऊ कापड गुंडाळून मधून कडेकडे दाबत न्यावे, मग पुढचे वीतभर. फुगा राहिलाच तर सुईने टोचून दाबावा. एकटीने करू नये. एकीने सोलायचे आणि एकीने दाबायचे, म्हणजे बोलत बोलत होते.

माझी लेक नागपूरला नर्सिंग शिकते, तिघी मिळून भाड्याच्या खोलीत राहतात. मालकाने आधीच सांगितले की भिंतीला एक खिळा ठोकाल तर अनामत रकमेतून कापीन. पोरींच्या डोळ्यांसमोर नुसती हिरवट भिंत. तिने फोनवर म्हटले, “आई, या खोलीत आपण पाहुणे आहोत असेच वाटते.” दिवाळीच्या सुट्टीवरून जाताना मी तिला पानांच्या वेलीचे एक पाकीट दिले. १४० रुपयांचे. पोरींनी ती वेल खिडकीभोवती लावली. सुट्टीत येताना एक पान काढून पाहा म्हणून सांगितले होते, तर रंग जागचा हलला नव्हता. ज्याचे घर आपले नाही त्याला ही वस्तू फार उपयोगी, मग ती शिकणारी पोर असो की बदलीच्या नोकरीचे कुटुंब.

काढायचीही रीत आहे. ओढून ओरबाडू नये. गरम पाण्यात फडके बुडवून घट्ट पिळावे आणि मिनिटभर त्यावर दाबून धरावे, म्हणजे डिंक सैल होतो. मग कोपरा उचलून, भिंतीला समांतर मागे दुमडत, सावकाश सोलावे. डिंकाचा चिकटपणा राहिला तर खोबरेल तेलाचे बोट, मग साबणपाणी. मात्र तेल फरशीवर आणि ऑइल पेंटवरच, साध्या रंगावर डाग पडेल. फार वर्षे तसेच ठेवू नये. उन्हाच्या भिंतीवर ते कडक होते आणि मग तुकड्या-तुकड्याने निघते. दीड-दोन वर्षांत बदलावे.

उतरवलेले प्लास्टिक चुलीत घालू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण आपल्याकडे पाणी तापवायला हाती येईल ते घालतात. पीव्हीसी जळताना आम्लाचा धूर होतो, तो डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, आणि त्यात डायॉक्सिनसारखी विषेही असतात. ते सुक्या कचऱ्यात वेगळे ठेवावे. उकिरड्यावरही नको, गाय खाते. तसेच गॅसच्या शेगडीमागे आणि दिवा लावतो त्या कोनाड्यात हे चिकट कागद लावू नयेत.

यावरून देवाच्या चित्रांचे आठवले. लक्ष्मीची पावले, गणपती, स्वस्तिक अशी सगळी चित्रे प्लास्टिकची मिळतात. पावले उंबऱ्यात लावली की त्यांवरून आपणच दिवसभर जातो-येतो, ओल्या फरशीवर पाय घसरतो ते निराळेच. आणि जुनी झाली की त्यांचे करायचे काय? जिवतीचा कागद पाण्यात विरतो, रांगोळी झाडूने जाते, पिठाची पावले मुंग्या खातात. हा पापुद्रा विरत नाही, जाळता येत नाही, कचऱ्यात टाकवत नाही. आमच्या सासूबाईंनी एकदा असे एक पाऊल सोलून वहीत ठेवले, ते अजून तिथेच आहे. फुले, पाखरे, वेली खुशाल आणाव्या. देव हाताने काढावा असे मला वाटते. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी माझे भांडण नाही.

एक शेवटची गोष्ट, खर्चाची. सहा जणींनी मिळून एक गुंडाळी आणली तर प्रत्येकीला साडेपाच फुटांचा पट्टा येतो. दाराच्या वर, आरशाभोवती, मुलांच्या अभ्यासाच्या पाटीखाली तेवढा पुरतो. मी साकोलीच्या बाजारातून एक गुंडाळी आणून ठेवली आहे. येत्या शुक्रवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर मंडळाच्या खोलीत ती कापून वाटू. खोलीच्या दारावर एक पट्टा लावून दाखवीन आणि तिथेच काढूनही दाखवीन. येताना आपल्या भिंतीचे माप दोऱ्याला गाठ मारून आणावे, आणि जमले तर घरातले एखादे बंद पडलेले कार्ड.